नेम कसा टिकवावा : गावाकडचा व्यायाम, आहार आणि मन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी शाळेच्या मैदानावर पहाटे काही मंडळी जमतात. त्यांनी, त्यांच्या सोयऱ्यांनी आणि आसपासच्या गावांतून फोन करणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते येथे एकत्र केले आहेत. मी शारीरिक शिक्षणाचा निवृत्त शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. म्हणून औषधगोळ्यांचा निर्णय जेथे येतो तेथे दवाखान्याकडेच बोट दाखवले आहे. कोणताही प्रश्न सुटा वाचता येईल, आणि एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दिवसभर वावरात राबतो. मग वेगळा व्यायाम कशाला पाहिजे?

वावरातले काम हा व्यायामच आहे आणि तो हिशेबात धरलाच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांमध्येही कामाच्या निमित्ताने होणारी हालचाल मोजलेली आहे. अडचण अशी की हे काम वर्षभर सारखे नसते. जुलैत निंदणाने कंबर मोडते आणि एप्रिलमध्ये दिवसभर बाजेवरून उठण्याचे कारण पडत नाही. शिवाय काम अंगाला एकाच बाजूला वळवते. कापूस वेचणारी बाई कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या तासात तासन् तास वाकलेली असते. संध्याकाळी तिला आणखी चार किलोमीटर चालण्याचा सल्ला देणे हा शहाणपणा नाही. तिने पाठ हळूहळू मागे ताणावी, खांदे फिरवावेत आणि दहा मिनिटे सपाट जमिनीवर उताणे पडावे, एवढा व्यायाम त्या दिवसापुरता पुरे.

मात्र वावर असणे आणि वावरात राबणे यांत फरक आहे. दुचाकीने धुऱ्यापर्यंत जाऊन, मजुरांना काम सांगून, चहाच्या वेळेला परतणाऱ्याने स्वतःला कष्टकऱ्यात मोजू नये. असे शेतकरी आता पुष्कळ आहेत आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत ते मला अधिक भेटतात.

२. नेमका किती व्यायाम करायचा? कोणी अर्धा तास सांगतो, कोणी दोन तास.

प्रौढ माणसासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटे दमछाक करणारी हालचाल, आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, असे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने दिले आहे. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे: चालताना बोलता येते, पण भजन म्हणता येत नाही. ताकदीसाठी बैठका, दंड, दंड जमत नसतील तर भिंतीला हात टेकवून मारलेले दंड, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे पुरेसे आहे. वयाची ६५ वर्षे ओलांडलेल्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव जोडावा, उदाहरणार्थ दाराची चौकट हाताशी ठेवून एका पायावर उभे राहणे. हा भाग बहुतेक जण सोडतात आणि मग न्हाणीघरात पडतात.

३. मोबाईल रोज दहा हजार पावले सांगतो. ती झालीच पाहिजेत का?

झालीच पाहिजेत असे नाही. दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊल-मापक यंत्राच्या नावातून रूढ झाला. तो वैद्यकीय संशोधनातून निघालेला नव्हता. आज तीन हजार पावले चालणाऱ्याने चार हजारांवर जाणे हाही लाभच आहे. दुसरे असे की मोबाईल निंदणाच्या वेळी धुऱ्यावर जेवणाच्या डब्याजवळ ठेवलेला असतो. त्या दिवशी तो पाचशे पावले दाखवतो म्हणून आमच्या गटातील एक बाई रात्री अंगणात फेऱ्या मारत होत्या. तसे करण्याची काहीच गरज नव्हती.

४. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात. महिना झाला तरी मला लागली नाही. माझ्यातच खोट आहे का?

खोट त्या एकवीस दिवसांच्या आकड्यात आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतील अंतर १८ दिवसांपासून थेट २५४ दिवसांपर्यंत निघाले. पाणी पिण्यासारखी सोपी कृती लवकर रुजली, तर व्यायामाला अधिक वेळ लागला. म्हणजे मृगात धरलेला नेम दिवाळीपर्यंत कच्चा वाटला तर त्यात अस्वाभाविक काही नाही.

नेम नव्या वेळेला बांधण्यापेक्षा आधीपासून न चुकणाऱ्या एखाद्या कामाला बांधावा. आमच्याकडे गाई-म्हशींची धार काढणे चुकत नाही, कारण ते चुकले तर जनावर हंबरून सांगते. दूध डेअरीत घालून परतताना सरळ घरी न येता मारुतीच्या देवळाला वळसा घालून येणारे दोन गृहस्थ चार वर्षे न चुकता चालत आहेत, आणि ‘मी व्यायाम करतो’ असे त्यांतील एकही म्हणत नाही.

५. दोन महिने नेमाने केले. लग्नसराईत आठ दिवस खाडा पडला आणि सगळेच सुटले. असे दरवेळी होते.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून त्याचे उत्तरही लांब आहे. प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या अभ्यासात एखाद्या दिवसाच्या खाड्याने सवय रुजण्यात फारसा फरक पडला नव्हता. नुकसान होते ते खाड्यानंतरच्या विचाराने. ‘आता मोडलेच आहे, तर सोमवारपासून’ असे ठरते, सोमवारी पाहुणे येतात, मग पहिल्या तारखेवर जाते आणि शेवटी पाडव्यावर. खाडा आठ दिवसांचा होता. मुहूर्त शोधण्यात दोन महिने गेले.

यावर आमच्या गटात दोन मापे ठेवली आहेत. मोठा नेम म्हणजे चाळीस मिनिटे चालणे आणि बैठका. लहान नेम म्हणजे पाच मिनिटे: दहा बैठका, भिंतीवर दहा दंड, पाठीचा ताण, बस्स. तो लग्नघरी, बाळंतिणीच्या खोलीबाहेर किंवा एसटीची वाट पाहतानाही होतो. लहान नेमाने वजन उतरणार नाही किंवा दम वाढणार नाही, हे कबूल आहे. त्या दिवशी जागा राखणे एवढेच त्याचे काम असते.

गटातील एक काकू भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मोठ्या नेमाच्या दिवशी कुंकवाचे बोट लावतात, लहान नेमाच्या दिवशी हळदीचे, आणि खाड्याचा चौकोन कोरा ठेवतात. सोयाबीन काढणीच्या महिन्याचे त्यांचे पान जवळजवळ सगळे पिवळे होते, मधे तीन कोऱ्या जागा. डिसेंबरचे पान पुन्हा तांबडे झाले. मला ते पिवळे पान तांबड्याहून मोलाचे वाटते, पण काकूंना ते कोणाला दाखवायला आवडत नाही.

खंड आठवड्याहून मोठा असेल तर परतताना निम्म्यापासून सुरुवात करावी. निवृत्तीनंतर मी स्वतः शिक्षकी तोऱ्यात पहिल्याच सकाळी पाच किलोमीटर धावलो आणि पोटरी धरून तीन आठवडे घरात बसलो. मुलांना आयुष्यभर सांगितलेले स्वतःला लागू होत नाही अशी समजूत होती.

६. पेरणी, निंदण, वेचणी यांच्या हंगामात वेळच नसतो. वर्षभराचा नेम कसा बसवायचा?

वर्षभर एकच वेळापत्रक ठेवण्याचा हट्ट सोडावा. शहरातले सल्ले बारा महिने सारख्या दिवसांसाठी लिहिलेले असतात. आपले वर्ष पिकाबरोबर चालते. जून ते ऑगस्ट, पेरणी, डवरणी आणि निंदणाच्या काळात, प्रश्न ५ मधील लहान नेम आणि संध्याकाळचा पाठीचा ताण एवढेच धरावे. सप्टेंबरअखेर ते दिवाळी, सोयाबीनची काढणी आणि कापसाची पहिली वेचणी चालू असताना, झोप वाचवणे हाच मोठा नियम मानावा. तूर निघाल्यानंतर, म्हणजे साधारण जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत, हवा चांगली असते आणि हातही मोकळे असतात. दम आणि ताकद वाढवायची ती या दोन-अडीच महिन्यांत. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडील धानाच्या पट्ट्यात रोवणी आणि कापणीप्रमाणे हे महिने सरकवून घ्यावेत. एप्रिल-मेसाठी पुढचा प्रश्न पाहावा.

७. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा बंद ठेवायचे का?

बंद ठेवण्याची गरज नाही, पण वेळ आणि जोर दोन्ही बदलावे लागतात. मे महिन्यात आपल्याकडे साडेपाचच्या पुढे लगेच उजाडते. सातच्या आत घरी परतावे. सूर्य मावळल्यावरही डांबरी रस्ता आणि भिंती बराच वेळ आग ओकत असतात, म्हणून संध्याकाळी सहाचे चालणे सकाळी सहाच्या चालण्यासारखे नसते. शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस निम्मा जोर ठेवावा. निघण्यापूर्वी पाणी प्यावे आणि परतल्यावर ताक, आंबील किंवा कैरीचे पन्हे घ्यावे. घाम फार गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे प्यावे. हे चमचे चहाचे आहेत, मोठे नव्हेत.

कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा अंग भाजल्यासारखे तापले तर तो उष्माघात समजावा. माणसाला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. खिशातला कांदा माणसाला वाचवत नाही. डोक्याचा दुपट्टा ओला करून बांधल्यास थोडा तरी उपयोग होतो.

८. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर गुडघाभर चिखल असतो. चालायचे कुठे?

चालूच नये. ओसरी, समाजमंदिर किंवा शाळेचा व्हरांडा यांपैकी जे मिळेल तेथे बैठका, दंड, सूर्यनमस्कार आणि जागच्या जागी चालणे करावे. दोरीवरच्या उड्या शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर मारू नयेत.

९. पहाटे अंधारात एकट्याने चालणे सुरक्षित आहे का? आमचे गाव जंगलाला लागून आहे.

चंद्रपूर, गडचिरोली किंवा मेळघाटच्या जंगलालगतच्या गावांत पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधारात गावाबाहेर चालायला जाऊ नये, कारण वाघ, बिबट आणि अस्वल यांच्या वावराची तीच वेळ असते. मोहफुले वेचायला वाकून बसलेल्या माणसांवर हल्ले होतात तेही याच वेळी. अशा गावांनी उजाडल्यावर, गावठाणाच्या आत आणि घोळक्याने चालावे. इतर गावांत सापासाठी बॅटरी आणि बंद बूट, तर वाहनांसाठी फिका सदरा आवश्यक आहे. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चालावे, आणि कानात गाणी लावू नयेत.

१०. मी सून आहे. सकाळी फिरायला निघाले तर लोक नावे ठेवतात आणि घरचे कामही खोळंबते.

लोकांचे तोंड बंद करण्याचा उपाय माझ्याजवळ नाही, पण एकटीला नावे ठेवतात तशी पाच जणींना ठेवत नाहीत, हा अनुभव आहे. आमच्या गावात अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या दोघी प्रथम निघाल्या. पुढच्या पोळ्यापर्यंत त्या अकरा झाल्या. साडी नेसूनही उत्तम चालता येते, फक्त पायांत चपलेऐवजी बूट असावेत. बाहेर पडणे अगदीच शक्य नसेल तर प्रश्न ५ मधील लहान नेम दिवसातून तीनदा करावा.

कामाच्या खोळंब्याबद्दल मात्र उत्तर घरातल्या पुरुषांनी द्यायचे आहे. सकाळचा चहा नवऱ्याने मांडला तर वीस मिनिटे निघतात. चहा मांडणे कठीण नाही, मी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलो.

थोड्या चालण्याने धाप लागणे, चक्कर येणे, कायम गळून गेल्यासारखे वाटणे याला आळस म्हणू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजतात. लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या जेवणाच्या जोडीने चालते, चहाबरोबर मात्र तिचा गुण जातो.

११. खायचे काय? व्यायामासाठी वेगळा आहार लागतो का?

वेगळा आहार लागत नाही. ताटातील प्रमाण बदलावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५०. दिवसभरात ज्वारीच्या तीन भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर फुटाणे, शेंगदाण्याची चटणी आणि एक अंडे किंवा एक पेला दूध घेतले तर माणूस त्या आकड्याच्या जवळ पोहोचतो. बहुतेक घरांत चूक वरणात होते. ते इतके पातळ असते की त्यात डाळ शोधावी लागते.

एक गंमत सांगतो. आमच्या तालुक्यात जिकडे नजर टाकावी तिकडे सोयाबीन आहे आणि घराघरांत मात्र ते दाण्यालाही नसते, सगळे बाजार समितीत जाते. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. ते कच्चे खाऊ नये. स्वच्छ निवडून, उकळून, वाळवून, नऊ किलो गव्हामागे एक किलो या प्रमाणात दळून आणावे. पोळीच्या चवीत फरक कळत नाही.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्याच्या आत ठेवावे, आणि त्यात लोणचे, पापड व ठेचाही मोजावा. अंबाडी, तरोटा, चवळी या भाज्या पावसाळ्यात फुकट मिळतात. त्या सोडून तालुक्याहून पाकिटातले काही आणू नये. वजन कमी करण्यासाठी भाकर सोडावी का, याचे उत्तर प्रश्न १३ मध्ये आहे.

१२. आठवड्यातून दोन उपवास असतात. त्या दिवशी व्यायाम करावा का?

करावा, पण हलका. खरा प्रश्न उपवासाच्या पदार्थांचा आहे: साबुदाण्याची उसळ, तळलेले आलू आणि गोड चहा यांत पीठ, तेल आणि साखर एवढेच असते. भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, दही आणि फळे घेतल्यास अंगात त्राण राहते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी उपवास डॉक्टरांना विचारूनच धरावा. कारण प्रश्न १८ मध्ये दिले आहे.

१३. तीन महिने चालतो आहे, वजन दोन किलोच कमी झाले. भाकर बंद करू का?

तीन महिन्यांत दोन किलो ही वाईट गती नाही. भाकर बंद करू नये. अर्धी कमी करून तेवढी जागा भाजीने आणि वरणाने भरावी. चालण्याने होणारा खर्च आपल्याला वाटतो त्याहून लहान असतो, आणि फेरीनंतर टपरीवर बसून खाल्लेले दोन आलूबोंडे तो हिशेब पुसून टाकतात. काट्याऐवजी कमरेचा घेर बेंबीजवळ दोरीने मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. दोरीला दर महिन्याला गाठ मारून ठेवली तर फरक डोळ्यांना दिसतो.

१४. गावात जिम नाही. तालुक्याच्या जिममध्ये नाव घालावे का? आणि पावडर?

जाणे-येणे तीस किलोमीटर असेल तर ते नाव दोन महिन्यांत नुसते पावतीवर उरते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे, आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे देशी खेळ करून दाखवले होते. त्या परंपरेचे भांडवल दंड, बैठका, मल्लखांब आणि तांबडी माती एवढेच होते. पावडरीची गरज प्रश्न ११ मधील ताटाने भागते. लेबल नसलेली सुटी पावडर कोणी दिली तर घेऊ नये.

१५. खर्रा सुटत नाही, पण चालणे नियमित आहे. चालण्याने खर्ऱ्याचे नुकसान भरून निघते का?

निघत नाही. खर्ऱ्यातील तंबाखूप्रमाणेच सुपारीही कर्करोगाला कारण ठरते, आणि ती दोन्ही चुन्यासह प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून तासन् तास गालात धरली जातात. तोंड हळूहळू कमी उघडू लागते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दंतवैद्याला आजच दाखवावे. असे असले तरी चालणे सोडू नये, कारण खर्रा सोडण्यासाठी तेच कामी येते. तलफ काही मिनिटांत ओसरते आणि तेवढा वेळ झपाझप चालल्यास ती सोसवते. सोडल्यानंतरचा पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो. त्या आठवड्यात पानठेल्यावरून जाणारी वाट बदलावी. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

१६. कापसाला भाव नाही, डोक्यावर कर्ज आहे. अशात व्यायामाचे मन कसे होणार?

व्यायामाने कर्ज फिटत नाही, आणि ‘सकारात्मक राहा’ असे सांगणाऱ्याचा राग येणेही स्वाभाविक आहे. चालण्याचा उपयोग मर्यादित पण खरा आहे: झोप थोडी बरी लागते, आणि कोणाबरोबर चालले तर दिवसातून एकदा माणसाशी बोलणे होते. अशा काळात मोठा नेम धरूच नये. सोबत्याने येऊन दार वाजवावे आणि दोघांनी पाटापर्यंत जाऊन यावे, एवढे पुरे. माझ्या हाती असलेल्या गोष्टी आणि नसलेल्या गोष्टी, पाऊस आणि भाव, यांची मनातल्या मनात वेगळी रास घालण्याची सवय अशा फेऱ्यांतच लागते.

दोन आठवडे झोप, भूक आणि कशातच रस नसेल, किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर ते व्यायामाच्या पलीकडचे आहे. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. घरच्यांनी फवारणीचे औषध घरात न ठेवता कुलपात किंवा दुसऱ्याकडे ठेवावे. त्या एका वाईट घटकेला ते हाताशी नसणे यावर बरेच अवलंबून असते.

१७. टोंगळे (गुडघे) दुखतात. चालावे की बसून राहावे?

सांध्यांच्या झिजेमुळे दुखत असेल तर बसून राहिल्याने मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, दहापर्यंत मोजून खाली घ्यावा, असे दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा करावे. चालणे सपाट जमिनीवर, थोडे थोडे, दोन वेळा विभागून ठेवावे. उकिडवे बसणे आणि मांडी घालणे कमी करावे. टोंगळा सुजून गरम झाला असेल, अडकत असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागला असेल तर आधी दवाखाना.

१८. बीपी आणि शुगर दोन्ही आहेत. व्यायाम सुरू केल्यावर गोळ्या बंद करता येतील का?

स्वतःच्या मनाने कधीही नाही. व्यायामाने दोन्ही आकडे सुधारू शकतात आणि डॉक्टर गोळी कमीही करू शकतात, पण तो निर्णय मोजमाप पाहून त्यांनी घ्यायचा आहे. रक्तदाब १८० / ११० च्या आसपास असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत जोराचा व्यायाम करू नये, आणि एरवीही पोते उचलताना श्वास कोंडू नये.

मधुमेहाच्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने चालताना साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर आणि डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे आहेत. खिशात गूळ किंवा साखरेची पुडी ठेवावी, उपाशीपोटी लांब चालू नये. सकाळी दवावर अनवाणी चालण्याचे जे कौतुक आहे ते मधुमेहींसाठी नाही. पायाला काटा बोचल्याचे त्यांना अनेकदा कळत नाही आणि जखम चिघळते. रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम असे झाल्यास ‘गॅस झाला’ म्हणून घरी सोडा पीत बसू नये. १०८ ला फोन करावा.

१९. मुलगा पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर रोज १६०० मीटर धावतो. आता नडगी दुखते. काय करावे?

धावणे दोन आठवडे थांबवून सायकल किंवा चालणे ठेवावे. बोटाने दाबल्यावर एकाच जागी तीव्र दुखत असेल तर क्ष-किरण काढावा, कारण हाडाला बारीक तडा असू शकतो. आमच्याकडील मुले जाहिरात निघाली की धावू लागतात आणि पहिल्या दिवसापासून घड्याळ लावतात. आठवड्यातून दोनदाच वेगाने, इतर दिवस हळू, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती असावी; डांबराऐवजी मैदानावर धावावे. कोणी स्फूर्तीचे इंजेक्शन सुचवले तर त्या माणसाची संगत तोडावी.

भरतीत नाव आले नाही की ही मुले धावणे कायमचे सोडतात, याचे मला जास्त वाईट वाटते. सहा वर्षांनी त्याच मुलाला बाजारात पाहून ओळख पटत नाही.

२०. घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. मुलाला खेळू द्यावे का?

आधी तो वाहक आहे की रुग्ण आहे हे तपासणीच्या कागदावर पाहावे. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात हा आजार बराच आढळतो, आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात त्याची तपासणी होते. वाहक मूल सर्वसाधारण खेळ खेळू शकते. मात्र कडक उन्हात, पाणी न पिता, जीव तोडून धावल्यास वाहकालाही धोका संभवतो. भरतीची तयारी करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

रुग्ण असलेल्या मुलानेही हालचाल करावी, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने, थांबत थांबत, पाणी पीत, आणि दम लागताच बसण्याची मोकळीक ठेवून. कडाक्याच्या थंडीत पहाटे आणि विहिरीच्या गार पाण्यात त्याला उतरवू नये. ताप, छातीत दुखणे किंवा असह्य कळा आल्यास थेट रुग्णालय गाठावे. शाळेतील शिक्षकांना हे आधी सांगून ठेवावे. मी स्वतः एका मुलाला आळशी समजून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या आणि कारण नंतर कळले.

२१. फवारणीच्या दिवशी व्यायाम केला तर चालतो का?

त्या दिवशी करू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. फवारणीनंतर साबणाने आंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत आणि विश्रांती घ्यावी. मळमळ, डोके दुखणे, तोंडाला लाळ सुटणे, अंधुक दिसणे यांपैकी काही झाले तर औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठावा. शेजारच्या वावरात फवारणी चालू असेल तर त्या धुऱ्याने चालायलाही जाऊ नये.

२२. डेंग्यू होऊन गेला. पुन्हा कधी सुरू करावे?

ताप पूर्ण उतरून, डॉक्टरांनी पेशींचा अहवाल ठीक असल्याचे सांगितल्यावर, प्रथम घरातल्या घरात चालावे. अशक्तपणा दोन-तीन आठवडे राहणे नेहमीचे आहे. पहिला आठवडा प्रश्न ५ मधील लहान नेम, तोही बैठकांशिवाय; दुसऱ्या दिवशी जास्त थकवा आला तर आदल्या दिवशीचे प्रमाण निम्मे करावे. आणि चालायला निघण्यापूर्वी घरामागचे जुने टायर आणि कूलरची टाकी रिकामी करून घ्यावी.